सुदाम बॉम्ब बनवत नव्हता

फोन आला तेव्हा भर दुपार होती आणि मी दुकानाच्या पायरीवर एका ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होतो. आळेफाट्याला नगरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं बॅटऱ्यांचं दुकान आहे, तिथं हुज्जत रोजचीच. फोनवर शोभावहिनी होत्या, सुदामची बायको. त्यांचा आवाज इतका सपाट होता की आधी मला ओळखूच आला नाही. "कांतीभाऊ, ह्यांच्या लॅबमध्ये स्फोट झालाय. ह्यांना पुण्याला नेतोय, मी गाडीतच आहे. तुम्ही मंचरला घरी जा आणि दादांना घेऊन या. दुसऱ्या कुणी त्यांना सांगायच्या आत जा." दादा म्हणजे सुदामचे वडील. मागं कुणीतरी ओरडत होतं. मला वाटलं, गाडीत आणखी कुणी जखमी आहे. तो सुदाम होता... वीस वर्षांच्या ओळखीत मी त्याला दुखण्यानं ओरडताना कधी ऐकलंच नव्हतं, म्हणून कळलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी सुदाम भालेराव गेला. चाळिशीचा होता. आंबेगाव तालुक्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. पेपरात चार ओळी आल्या आणि त्या चार ओळींत 'संशयास्पद' असा एक शब्द होता. तेवढ्या शब्दावर मंचरपासून आळेफाट्यापर्यंतच्या टपऱ्यांवर ठरून गेलं की भालेराव मास्तर बॉम्ब बनवत होता. बौद्धवाड्यातला, डोक्यानं गरम, खोलीत काळ्या भुकटीचे डबे... लोकांना एवढं पुरलं. मी त्याच्या हातचा मार खाल्लेला आहे आणि त्याला मार खाताना पाहिलेलं आहे. तो काय बनवत होता हे मला माहीत आहे. म्हणून हे लिहितो आहे.

जुन्नरच्या कॉलेजात आम्ही बीएस्सीला एका वर्गात होतो. मी राजस्थानातून चार पिढ्यांपूर्वी इथं आलेल्या जैन व्यापाऱ्याच्या घरातला, तो येडगावजवळच्या वस्तीतला. त्याचे वडील नामदेवदादा आमच्याच दुकानामागच्या शेडमध्ये कामाला होते. ट्रकच्या जुन्या, मेलेल्या बॅटऱ्या फोडायचं काम. बॅटरी आडवी करून आतलं ॲसिड चरीत ओतायचं, मग घणानं पेटी फोडायची, शिशाच्या पट्ट्या ओढून काढायच्या आणि भट्टीत घालायच्या. चरीच्या कडेला गवत उगवत नसे. दादांच्या धोतराला नेहमी भोकं, बोटांच्या पेरांवर पांढरे चट्टे. रविवारी सुदाम वडिलांच्या जागी उभा राहायचा. त्याचा घण मी विसरू शकत नाही. दादा मोजून मारायचे, हा वैर असल्यासारखा मारायचा. तिसऱ्या घावाला पेटीचे तुकडे व्हायचे आणि तरी तो चौथा घाव घालायचा. सोमवारी हाच मुलगा वर्गात मला इलेक्ट्रोकेमिस्ट्री समजावून सांगायचा, आणि ती मला त्याच्यामुळंच समजली. एकदा म्हणाला, "कांत्या, सव्वाशे वर्षं झाली ह्या बॅटरीला. अजून शिसं आणि ॲसिडच. कुणालाच लाज वाटत न्हाई का रं?"

एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात ते झालं. शेडमध्ये एका भिंतीला चार्जिंगचा फळा होता. दहा-बारा बॅटऱ्या एका वेळी चार्ज होत. चार्जिंग होताना बॅटरीतून गॅस सुटतो, ठिणगी मिळाली की तो पेटतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. आमच्या शेडच्या दोन्ही खिडक्या काकांनी पत्रे ठोकून बंद केल्या होत्या, चोरी होते म्हणून. काका म्हणजे माझे चुलते, दुकानाचे कर्ते. दादांनी त्यांना दोनदा सांगितलं होतं, "शेठ, डोळं चुरचुरत्यात, पत्रा काढा." काढला नाही. त्या दिवशी दुपारी दादा एका बॅटरीचा चिमटा सोडवत होते. चिमट्याशी ठिणगी उडाली आणि बॅटरी त्यांच्या तोंडासमोर फुटली. मी गल्ल्यावर होतो. आवाज टायर फुटल्यासारखा झाला. पळत गेलो तर दादा चेहरा धरून जमिनीवर गोल गोल फिरत होते आणि त्यांच्या बोटांमधून... ते लिहवत नाही. गाड्या धुवायच्या टाकीत आम्ही त्यांचं डोकं बुडवलं. ते बाहेर काढू देईनात, आत ठेवू देईनात. दोन्ही डोळे गेले.

सुदाम दुसऱ्या दिवशी जुन्नरहून आला. थेट दुकानात शिरला. काका गादीवर बसले होते. त्यानं काकांना कॉलर धरून गादीवरून ओढलं आणि तोंडावर मारलं. एकदा, दोनदा. काकांच्या नाकातून रक्त आलं. तिसऱ्यांदा हात उगारला तोवर गाड्या धुणारे आणि हमाल, चौघं जण, धावून आले. त्याला रस्त्यावर नेलं. टायर काढायची लोखंडी टॉमी असते, ती एकाच्या हातात होती. काका ओटीवरून म्हणाले, "हात मोडा त्याचा. उजवा." पाणी गाळून पिणारा, सूर्य मावळल्यावर घास न घेणारा माणूस. त्यांनी सुदामचा हात पायरीच्या दगडावर धरला आणि टॉमी घातली. मनगट मोडल्याचा आवाज मला रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजातून ऐकू आला. मग तो खाली पडल्यावर लाथा. दोन दात पायरीवर पडले. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं आणि त्याच्या आड उभा होतो. माझं वय तेव्हा बावीस. लहान नव्हतो. एक शब्द बोललो नाही.

पुढचं त्याहून वाईट आहे. पोलीस आले तेव्हा काकांनी सांगितलं की नामदेव बिडी ओढत होता, त्या बिडीनं बॅटरी फुटली. साक्षीला माझं नाव घातलं. मी सही केली. दादांनी आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता, हे आळेफाट्याच्या प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत होतं. तरी तेच कागदावर राहिलं... दादांचे डोळे दादांच्याच चुकीनं गेले, असं. सहीखाली माझं नाव.

दोन वर्षं सुदाम दिसला नाही. मग एके सकाळी दुकान उघडत होतो तर समोर उभा. उजवं मनगट वाकडं जोडलेलं, दातांच्या जागी फट. मी काही बोलायच्या आत त्यानं डाव्या हातानं माझ्या कानफटात मारली. एकच. कानात शिट्टी वाजायला लागली. मी पायरीवर बसलो. तोही बसला. नंतर म्हणाला, "आता चहा सांग." चहा आला. बशीत ओतून प्यायला आणि म्हणाला, "मला पुण्याला एमएस्सीला जागा मिळाली. प्रोजेक्टला जुन्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या पाहिजेत. प्रत्येक जातीची एक. देशील?" मी पोतंभर काढून दिल्या. एसटीपर्यंत पोतं मीच उचललं. "सुदाम, ती सही..." असं मी सुरू केलं, तर तो म्हणाला, "त्याच्यासाठीच मारली. परत काढू नको." मी परत काढली नाही. पण त्यानं मला माफ केलं असं मी समजत नाही. त्यानं मला मारलं आणि मग माझ्याशी बोलायला लागला, एवढंच मला ठाऊक आहे.

पुण्यात एमएस्सी झालं, मग पीएच.डी. कार्बनवर. सुट्टीला आला की त्याचं कारखाना-प्रकरण आळेफाट्यालाच चालायचं. पंक्चरवाल्याकडं ट्यूबला गरम ठिगळ लावायचा एक दाबयंत्राचा सांगाडा असतो, त्याला सुदामनं दोन लोखंडी पाट्या बसवल्या होत्या. तेलाच्या फुटक्या कॅनचं प्लॅस्टिक कापायचं, वितळवायचं, त्यात ग्रॅफाइटची भुकटी मळायची आणि दाबून पत्रा करायचा. त्याला बॅटरीची अशी पेटी हवी होती जी फुटणार नाही, आणि फुटलीच तर तिच्या चिरफाळ्या माणसाच्या तोंडात घुसणार नाहीत. पत्रा गार झाला की रस्त्याच्या कडेला ठेवून घणानं मारायचा, डाव्या हातानं. फुटला की अशा शिव्या घालायचा की ड्रायव्हर लोक गाड्या थांबवून ऐकायचे. "भुकटी मिसळत न्हाई रे!" हे त्याचं पालुपद. "गठुळ्या व्हत्यात. जिथं गठुळी तिथं तडा." पंक्चरवाला म्हणायचा, "सर, तुमी प्लॅस्टिक बनवताय का भांडण?"

त्या गठुळ्यांचं कारण त्यानं मला एकदा आमच्याच घरच्या अंगणात समजावून सांगितलं. आमच्याकडं पापडांचा दिवस होता. ओले पापड एकावर एक ठेवले की चिकटून त्यांचा गोळा होतो, म्हणून आई मध्ये कापड घालत होती. सुदामनं एक पापड उचलला. "पेन्सिलीतलं शिसं म्हणतो ते ग्रॅफाइट म्हणजे अशी चळत. हजारो पापड. एक एक सुटा केला तर जगात त्याच्याइतकं चिवट काही न्हाई, आणि वीज त्याच्यावरून अशी धावती की बस. पण सुटा केला की लगेच शेजाऱ्याला जाऊन चिकटतो. म्हणून मधी काहीतरी घालायचं. मँगनीजच्या ऑक्साइडचे बारीक कण. कापडासारखं. मग पापड सुटे राहत्यात, आणि ते कण स्वतः वीज धरून ठेवत्यात. दोघं मिळून." आई म्हणाली, "मग एवढं पुण्याला कशाला जायचं, मला विचारायचं होतंस." सुदाम खूप हसला. दातांची फट दिसली, आणि आई आत निघून गेली. तिला ते कसे पडले ते माहीत होतं.

अठ्ठ्याण्णवला तो इकडं कॉलेजात लागला. शोभावहिनींशी लग्न झालं, त्या सरकारी दवाखान्यात नर्स. मंचरला घर केलं आणि दादांना तिथं आणलं. कॉलेजनं प्रयोगशाळेशेजारची एक अडगळीची खोली दिली. तिथं त्यानं पत्र्यांसोबत वीज साठवायचं काम सुरू केलं. शिसं नको, घण घालावा लागणार नाही, चार्ज होताना गॅस सुटणार नाही, असं काहीतरी. वर्षं गेली. फुटलेल्या काचा, जळालेले हात, परत आलेले शोधनिबंध. एकदा परत आलेलं टपाल त्यानं भिंतीवर आपटलं ते इतक्या जोरात की गिलाव्याचा पोपडा पडला. मग परदेशातून बातमी आली की कुणी शास्त्रज्ञांनी साधी चिकटपट्टी ग्रॅफाइटवर लावून ओढली आणि ती एकेक पदराची पातळ चकती सुटी केली. ग्राफीन म्हणतात तिला. सुदाम त्या दिवशी दुकानात आला, मोडक्या हाताची मूठ काउंटरवर आपटली आणि कळवळून खाली बसला. "आपण दहा वर्षं घण घालतोय, राव. दहा वर्षं! आणि त्यांनी चिकटपट्टीनं काढलं." रडत होता की हसत होता ते मला सांगता येणार नाही. पण तेव्हापासून त्याला थारा राहिला नाही. पट्टीनं चिमूटभर निघतं, त्याला ओंजळभर हवं होतं. त्याचा दुसरा एक रस्ता आहे. ग्रॅफाइट आम्लातून काढून त्याची तपकिरी भुकटी करतात, काकवी वाळवल्यासारखी दिसते. तिला उष्णता दिली की पदर फुलून सुटतात आणि काळा कापूस तयार होतो. एकदम जास्त भुकटी तापली तर मात्र ती आवरत नाही. हे त्याला चांगलं माहीत होतं. तो चमचाभरानं काम करायचा आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकायचा नाही.

दोन हजार सातच्या दिवाळीत त्याचा पहिला नीट चालणारा सेल झाला. नाण्याएवढ्या चकत्या, सहा एकत्र जोडलेल्या. त्यानं मला मंचरला बोलावलं. दादा ओसरीवर बसले होते. सुदाम त्यांच्यासमोर मांडी घालून बसला, लहान पोरासारखा. "दादा, झालं. शिसं न्हाई, ॲसिड न्हाई. ऐका." आणि सेल भरलेला आहे हे दाखवायला त्यानं दोन तारा एकमेकींना टेकवल्या.

तडाक् असा बारीक आवाज झाला. दादा उठले नाहीत, ओरडले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी स्वतःला फरशीवर फेकलं. कपाळ फरशीवर आपटलं, दोन्ही हात डोळ्यांवर घट्ट. गेलेल्या डोळ्यांवर... सोळा वर्षं झाली होती. सुदामनं तो सेल उचलून अंगणात भिरकावला. मग स्वतःच्या थोबाडीत मारायला लागला, डाव्या हातानं, सटासट, थांबेचना. शोभावहिनींनी आणि मी मिळून त्याला धरला. "मी माझ्या बापाला... मी परत त्याच्या तोंडासमोर..." एवढंच बोलत होता. दादा उठून बसले. कपाळाला टेंगूळ आलं होतं. चाचपत चाचपत त्यांनी सुदामचा हात शोधला आणि धरला. "आरं, मार किती खाशील? तुला काय ठावं व्हतं? आन परत. तो डबा आन. मला दुसऱ्या रीतीनं दाखीव."

मी अंगणातून सेल शोधून आणला. एक तार निखळली होती, सुदामनं ती जोडली. वहिनींनी मुलीच्या मोडक्या खेळण्यातली मोटर आणली, तिला प्लॅस्टिकचं पातं होतं. ह्या वेळी सुदामनं आधी दादांचा हात मोटरवर ठेवला, मग तार जोडली. पातं फिरायला लागलं. त्यानं ते दादांच्या चेहऱ्यासमोर धरलं. दादांच्या पांढऱ्या भुवया वाऱ्यानं हलल्या. ते तोंड इकडंतिकडं करून वारा घेत राहिले. "किती येळ चालंल?" त्यांनी विचारलं. "चार मिनिटं, दादा." "मग भरायला किती?" "अर्धं मिनिट." दादांनी मान हलवली. "लई चांगलं हाये. आन हे फुटंल का?" सुदाम म्हणाला, "न्हाई. हे न्हाई फुटणार." सेल फुटला नाही, हे मला इथं नोंदवायचं आहे. सेल आजही वहिनींकडं आहे आणि शाबूत आहे.

फुटला तो ओव्हन. ती तपकिरी भुकटी ज्यात मंद आचेवर वाळवायची, तो कॉलेजचा जुना ओव्हन. त्याचा ताप आवरणारा थर्मोस्टॅट अडकायचा. सुदामनं दुरुस्तीसाठी तीन अर्ज दिले होते, पोच घेऊन. आणि त्याचीही चूक होतीच, ती मी झाकणार नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं त्याच्या भुकटीचा मोठा नमुना मागितला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मागितलं होतं, आणि घाईत त्यानं चमचाभराऐवजी ट्रेभर वाळत घातली. हॉस्पिटलात शुद्धीवर असताना त्यानं मला हे स्वतः सांगितलं, "एवढी नको व्हती घालायला, कांत्या." त्या दुपारी शेजारी प्रॅक्टिकल चालू होतं. सुदाम तास संपवून खोलीत डोकावला तर ओव्हनच्या तापाचा काटा वरच्या टोकाला गेलेला. त्याच्या सहकारी बाई दारात होत्या, त्यांनी मला जे पाहिलं ते सांगितलं. तो मागं वळून "बाहेर व्हा! सगळे बाहेर!" असं ओरडला. चाळीसएक मुलंमुली, बाई त्यांना रेटत व्हरांड्यात घेऊन गेल्या. ओव्हनचं बटण ओव्हनच्या मागच्या भिंतीवर होतं. ते बंद करायला तो आत गेला. ओव्हनचं दार व्हरांड्याच्या खांबापर्यंत उडालं. मुलांपैकी एकालाही खरचटलं नाही.

मी दादांना घेऊन पुण्याला पोचलो. वाटेत सगळं सांगितलं होतं. ते मंचरपासून पुण्यापर्यंत गाडीच्या दांडीला धरून बसले होते. हॉस्पिटलच्या जिन्यात शोभावहिनी भेटल्या. दादांनी त्यांचा आवाज ऐकला आणि पहिला प्रश्न विचारला, "डोळं हायेत का त्याचं?"

वहिनी नर्स आहेत. निम्म्याहून जास्त अंग भाजलं म्हणजे काय, हे त्यांना डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, "आहेत, दादा. चष्मा होता. दोन्ही डोळे चांगले आहेत."

"मग काय काळजी न्हाई," दादा म्हणाले आणि भिंतीला टेकून जिन्यातच खाली बसले. त्यांना वाटलं, पोरगा वाचला. ते खोटं आहे हे सांगायची हिंमत आम्हा दोघांत नव्हती. बारा दिवस ते त्या जिन्याशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, डोळं शाबूत हायेत म्हणून.

तिसऱ्या दिवशी दादांचे कपडे आणि वहिनींची कागदपत्रं आणायला मी मंचरला त्यांच्या घरी गेलो. घरासमोर पन्नास-साठ माणसं. आदल्या दिवशी पोलिसांनी घरातून डबे नेले होते, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आत वहिनींची म्हातारी आई आणि सुदामची सात वर्षांची मुलगी होती, दार आतून लावलेलं. एक जण ओरडत होता, "बॉम्ब बनवीत व्हते इथं! आपल्या गावात!" पहिला दगड खिडकीवर बसला. काच फुटली, आत मुलगी किंचाळली. माझ्या अंगात काय आलं ते मला माहीत नाही. मी शूर माणूस नाही, हे ज्यांनी इथवर वाचलं त्यांना कळलंच असेल. गाडी तशीच सोडून मी त्या दारापुढं जाऊन उभा राहिलो. "बॅटरी!" मी ओरडलो. "बॅटरी बनवत होता तो! तुमच्या ट्रॅक्टरची, तुमच्या ट्रकची बॅटरी!" दुसरा दगड माझ्या कपाळावर बसला. डोळ्यात रक्त आलं. मारणारा आमचंच गिऱ्हाईक होता, नाव घेऊन मी त्याला हाक मारली. "ये, अजून मार! तुझी बॅटरी मी भरून देतो, दर महिन्याला. ये!" तो थबकला. मग मी ओव्हनचं सांगितलं, मुलं बाहेर काढली ते सांगितलं. गर्दीत एक बाई होती, तिची मुलगी त्या वर्गात होती. ती पुढं आली, माझ्या शेजारी दाराला पाठ लावून उभी राहिली आणि त्या लोकांना तिनं ज्या शिव्या दिल्या, त्या सुदामला आवडल्या असत्या. लोक पांगले. मला पाच टाके पडले.

त्याच संध्याकाळी कपाळाला पट्टी बांधून मी पोलिसात जबाब दिला. अर्जांच्या पोचा वहिनींच्या कपाटात होत्या, त्या पुढं ठेवल्या. भुकटी काय होती ते पापडांसकट सांगितलं. मग म्हणालो, आणखी एक लिहून घ्या. आणि एक्क्याण्णव सालचं सगळं सांगितलं, पत्रे ठोकलेल्या खिडक्या, टॉमी, बिडी, माझी सही. साहेब कंटाळून म्हणाले, "शेठ, त्याचा ह्याच्याशी संबंध काय? आणि तुमचे काका तर वारले म्हणता." मी म्हणालो, "संबंध नसू द्या. लिहा." त्यांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही. मी सुदामला हॉस्पिटलात सांगितलं. तोंडावर पट्ट्या, फक्त डोळे दिसत होते. त्यानं ते मिटले आणि उघडले. मग फार हळू बोलला, मला वाकून कान न्यावा लागला. "दादांना सांग. मला नको." मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "मला तवाच ठावं व्हतं, कांतीशेठ, दवाखान्यात माझ्या खाटंपाशी ती सही झाली तवा तुमी तिथं उभं व्हता ते. चपलांचा आवाज येत व्हता."

पोलिसांनी डबे तपासायला पाठवले होते, त्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल मागच्या आठवड्यात आला. डब्यांत कार्बन आणि मँगनीज आहे, स्फोटक पदार्थ नाही. पोलिसांनी डबे परत केले. ही बातमी मात्र कुठल्याच पेपरात चार ओळींची सुद्धा आली नाही.

परवा तो अहवाल द्यायला मी मंचरला गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. परसातून धपाधप आवाज येत होता. शोभावहिनी धुण्याच्या दगडावर सुदामचा कामाचा पांढरा कोट धूत होत्या. घरी असलेला, जुना. ग्रॅफाइट साबणानं निघत नाही, ते कापडाच्या सुतात शिरून बसतं. वहिनी दोन्ही हातांनी धोपाटणं उचलून मारत होत्या, दात खाऊन, पदर खोचून, केस सुटलेले. प्रत्येक घावाला काळं पाणी उडत होतं, त्यांच्या तोंडावर, भिंतीवर. मी "वहिनी" म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. मारत राहिल्या. ओट्यावर दादा बसले होते आणि आवाजाकडं तोंड करून ऐकत होते. बऱ्याच वेळानं त्या थांबल्या, धापा टाकत. कोट उचलून पिळला, उजेडाकडं धरून पाहिला. खिशाभोवती आणि डाव्या बाहीला काळं तसंच होतं.

"रोज धुते," त्या म्हणाल्या. "रोज पाणी काळंच येतं."

मग त्यांनी बादली उपडी केली, नवीन पाणी भरलं आणि कोट पुन्हा दगडावर टाकला.